बंदूक नावावर का नाही करून घेतली

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. गेली पाच वर्षं विचारताय. गावच्या जत्रेत विचारता, बाराव्याच्या पंगतीत विचारता, लोकमान्यनगरच्या बाजारात हातात मेथीची जुडी धरून विचारता. ‘हवालदारांची एवढी डबल बार बंदूक, परवान्याची, वारसाला मिळत होती, आणि तुम्ही ती पोलिसात जमा करून मोकळ्या झालात?’ मी दर वेळी ‘सांभाळायला जमेना’ म्हणते आणि मेथीचा भाव विचारते.

मधे एकदा वारं फिरलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, साहेबांच्या केबिनमध्येच, एका आमदाराने गोळ्या झाडल्याचं प्रकरण झालं. आठवडा होतो न होतो तोच दहिसरला एका माजी नगरसेवकाला कॅमेरा चालू असताना मारलं, आणि ते पिस्तूल अंगरक्षकाच्या परवान्यावरचं निघालं. त्या महिन्यात तुम्हीच मला म्हणालात, ‘बरं झालं हो दिलीत, फार दूरदृष्टी तुमची.’ त्याचाही मला तितकाच राग आला. कसली दूरदृष्टी? मी घाबरून दिली. आणि घाबरायच्या आधी मीच ती घरात ठेवायला मदत केली होती.

माझे वडील, आप्पा, कोण, हे तुम्हाला सांगायला नको. ज्यांनी त्यांना माणमध्ये पाहिलं त्यांना फेटा आठवतो आणि ज्यांनी ठाण्यात पाहिलं त्यांना सराफाच्या दुकानाबाहेरचं स्टूल. फौजेतून सुटल्यावर बावीस वर्षं ते त्या स्टुलावर मांडीवर बारा बोरची बंदूक आडवी घेऊन बसले. बावीस वर्षांत एकही बार काढला नाही, याचाच त्यांना अभिमान होता. दसऱ्याला सकाळी कपाटातून बंदूक निघायची, नळीतून तेलाचा बोळा फिरायचा, झेंडूची माळ चढायची. मी बारा वर्षांची असल्यापासून बोळा मीच फिरवायची. एकदा रिकामी बंदूक मी खेळात थोरल्या दादावर धरली, तर आप्पांनी फाडकन कानाखाली दिली होती. म्हणाले, ‘माणसं रिकाम्या बंदुकीनंच मरत्यात.’

म्हणजे बंदुकीशी इतकं नीट वागणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही आप्पांना नावं ठेवाल.

आता नियमाचं. धारकाने सत्तरी ओलांडली किंवा शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलं, तर २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे त्याच्या हयातीतच ते वारसाच्या नावावर करायला अर्ज करता येतो. आप्पा दोन्हींत बसत होते. हे मला तुमच्या आधी माहीत होतं, कारण त्यांचे सगळे फॉर्म मीच भरत होते. मी शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं कारकुनी केलेली बाई, कागदाला मी घाबरत नाही. तेव्हा ‘तुम्हाला प्रोसिजर ठाऊक नसेल’ असं जे शेजारचे काका समजुतीने सांगतात, त्यांना हे उत्तर.

खरी गोष्ट त्या फॉर्मांतच आहे. २०१८ साली परवाना नूतनीकरणाला आला. तेव्हा दर तीन वर्षांनी यायचा, पाच वर्षं नंतर झाली. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो की हा माणूस शरीराने आणि मनाने धडधाकट आहे. आप्पा तेव्हा अठ्ठ्याहत्तरचे. त्याच्या आदल्या महिन्यात ते वर्तकनगरला बसमधून उतरायचं सोडून थेट माजिवड्याला गेले होते आणि एका रिक्षावाल्याने त्यांना घरी आणून सोडलं होतं. दुपारी जेवून हात धुतला की विचारायचे, ‘आज जेवायचं न्हाई का?’ मी हे सगळं ‘वय झालं’ या खात्यात टाकलं होतं.

डॉक्टर ओळखीचे. आप्पा आत गेले, टाच जुळवली आणि म्हणाले, ‘जय हिंद साहेब.’ डॉक्टर हसले. रक्तदाब पाहिला, ‘आजोबा अजून फिट आहेत’ म्हणाले आणि सही केली. मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते. माजिवड्याचं तोंडाशी आलं होतं. बोलले नाही.

का नाही बोललीस? हे मी त्या वेळच्या माझ्याशी अजून भांडते. ती म्हणते, बाईने बापाला डॉक्टरसमोर वेडा ठरवायचं? त्यांच्याकडे आता उरलंय काय, एक ती बंदूक आणि एक फोटो. शिवाय काडतुसं कुलपात, किल्ली देव्हाऱ्यामागे, म्हातारा काय करणार आहे? तिचं म्हणणं मला आजही सरळ खोडून काढता येत नाही. बापाचा मान राखणं हा काय गुन्हा झाला? आणि आणखी एक, जे मी कधी बोलले नाही: मलाही ती बंदूक घरात आवडायची. इमारतीत चोऱ्या झाल्या की बायका म्हणायच्या, ‘तुमच्याकडे बरंय, आप्पा आहेत.’ त्यांना ‘बंदूक आहे’ म्हणायचं असायचं.

२०१९च्या विधानसभेला हत्यार जमा करायची नोटीस आली तशी मी बंदूक चादरीत गुंडाळून रिक्षाने पोलीस ठाण्यात जमा केली. निकाल लागला, नोव्हेंबरात परत मिळाली. आणायलाही मीच गेले. दोन महिने माझं घर बिनबंदुकीचं होतं आणि मी ती सही करून, पावती देऊन, रांगेत उभं राहून परत आणली.

जानेवारी २०२०. माझा मुलगा तेव्हा ऐरोलीच्या एका कंपनीत रात्रपाळीला होता. कंपनीची गाडी पहाटे तीनच्या सुमारास गेटवर सोडायची. तो आपल्या किल्लीने दार उघडायचा, झाकून ठेवलेलं खायचा आणि हॉलमध्ये आडवा व्हायचा. यजमान त्या आठवड्यात गावाला होते. मला जाग आली ती आप्पांच्या आवाजाने.

‘थम! हुकमदार!’

पहाऱ्यावरचा जवान अंधारात कुणी येताना दिसला की ही हाक देतो. इंग्रजी ‘हू कम्स देअर’ शिपायांच्या तोंडी घासून घासून ‘हुकमदार’ झालंय. उत्तर द्यायचं, ‘दोस्त.’ मुलगा लहान असताना शाळेतून आला की आप्पा दारातच हे खेळायचे आणि ‘दोस्त’ म्हटल्याशिवाय आत घ्यायचे नाहीत. त्या रात्री त्याच्या कानावर हेडफोन होते.

मी बाहेर आले. पॅसेजमध्ये झिरोचा बल्ब असतो. त्या उजेडात आप्पा बनियन-लेंग्यावर उभे होते, दस्ता खांद्याला, गाल दस्त्याला. एरवी त्यांच्या हातातला कप बशीवर वाजत राहायचा. त्या रात्री नळी तसूभर हलत नव्हती. नळीसमोर सात-आठ पावलांवर माझा मुलगा वाकून बुटाची नाडी सोडत होता, पाठ आमच्याकडे. मला वाटतं मी ‘आप्पा’ म्हणाले. मुलगा म्हणतो, तू काहीच बोलली नाहीस.

मग टक् असा आवाज झाला. दिव्याचं बटण दाबल्यासारखा. बस, एवढाच.

आप्पांनी बंदूक जराशी खाली घेतली आणि तिच्याकडे बघितलं, जुन्या नोकराने उलट उत्तर द्यावं तसं. तेवढ्यात मी नळी धरून वर छताकडे केली. त्यांनी सोडली नाही. त्यांचं बोट अजून चापाच्या कडीत होतं. ते बोट मागच्या चापाकडे सरकत होतं की जागच्या जागी होतं, हे मला आज शपथेवर सांगता येणार नाही. माझ्याकडे बघून ते अगदी अदबीने म्हणाले, ‘बाई, जरा बाजूला व्हा. आत मानूस शिरलाय.’

बाई. मला.

मुलाने हेडफोन काढले, मागे वळला आणि म्हणाला, ‘आजोबा?’ त्यावर त्यांचे हात एकदम सैल पडले. बंदूक माझ्याकडे आली. मी आतल्या खोलीत जाऊन खटका दाबला आणि ती मधून मोडून उघडली, त्यांनीच शिकवलं होतं तशी. उजवी नळी रिकामी होती. डाव्या नळीत पितळी बूड चमकत होतं.

ज्यांनी डबल बार हाताळली नाही त्यांच्यासाठी सांगते. तिला दोन चाप असतात, पुढचा उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. त्यांनी पुढचा ओढला होता. डब्यात खडकीच्या कारखान्याची आठ काडतुसं होती, आता सात होती. आठवं त्यांनी डावीत का भरलं असेल, याचा विचार मी खूप वर्षं केला आणि सोडून दिला. ज्या माणसाला आपण जेवलो की नाही हे आठवत नव्हतं, त्याला देव्हाऱ्यामागची किल्ली आठवली, कपाटाचं आतलं कुलूप आठवलं, काडतूस कुठल्या डब्यात ते आठवलं आणि नेम कसा धरायचा ते तर आठवलंच. नातू तेवढा आठवला नाही.

चार वाजता मी चहा केला. आप्पा बशीत ओतून प्यायले आणि मुलाला म्हणाले, ‘आज लईच उशीर केलास रं.’ तो म्हणाला, ‘हो आजोबा.’ त्या महिनाअखेरीस त्याने ऐरोलीत दोन मित्रांबरोबर खोली घेतली. ‘ऑफिस जवळ पडतं’ हे तुम्हाला सांगितलेलं कारण. मलाही त्याने तेच सांगितलं. आम्ही त्या रात्रीबद्दल आजपर्यंत पाच वाक्यं बोललो असू.

यानंतर मी लगेच धावत पोलिसांत गेले असं तुम्हाला वाटत असेल. अकरा दिवस लागले. बंदूक कपाटात, काडतुसं रव्याच्या डब्यात, रव्याखाली. अकरा दिवस मला एकच भीती होती: विचारतील, मग २०१८चा दाखला कसा आणलात? शस्त्र कायद्यात धारकाचं मन ठिकाणावर नसेल तर परवाना निलंबित किंवा रद्द करायचं कलम आहेच. १९५९ पासून आहे. पण ते कलम वापरायला कुणीतरी जाऊन सांगावं लागतं, आणि सांगू शकेल अशी जगात एकच बाई होती, जी डॉक्टरकडे गप्प बसली होती. शेवटी मी अर्जात ‘वयोमानामुळे’ लिहिलं. तिथले हवालदार कागद बघून म्हणाले, ‘अहो ताई, कशाला घालवता? मुलाच्या नावावर करा की.’ मी म्हटलं, ‘मुलाला नकोय.’ त्या दिवशी एवढंच मी खरं बोलले.

आप्पांची सही लागली. ते म्हणाले, ‘परत इलेक्शन?’ मी हो म्हटलं. ‘कवा मिळंल?’ म्हटलं, निकालानंतर. २०२२ मध्ये ते गेले, तोवर दर चार-आठ दिवसांनी विचारायचे, ‘निकाल लागला का गं?’

आता धाकट्या भावाकडे येते, कारण तुमच्यातले निम्मे त्याच्याच बाजूचे आहात. तो टेक्सासात डॅलसजवळ राहतो. मे २०२३ मध्ये त्याच्या घरापासून वीस मिनिटांवर, ॲलनच्या मॉलमध्ये एकाने आठ माणसं मारली. दर शनिवारी त्याच्या घरचे तिथे जातात. त्या दिवशी गेले नव्हते. महिन्याभरात धाकट्याने पिस्तूल घेतलं. टेक्सासात २०२१ पासून ते जवळ बाळगून फिरायला वेगळा परवानाही लागत नाही. त्याने मला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, नवा मिक्सर दाखवावा तसं. आमचं भांडण झालं ते तिथपासून चालू आहे.

त्याचं म्हणणं: ताई, ॲलनला त्या माणसाला थांबवलं कुणी? बंदूक असलेल्या पोलिसाने. दुसऱ्या कामासाठी तिथे आला होता, आवाज ऐकून धावला. हे खरं आहे. मी त्याला उवाल्डीच्या शाळेतला गोळीबार सांगते, तेही टेक्सासच. मे २०२२. एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका. ३७६ बंदूकधारी पोलीस जमले आणि वर्गात शिरायला ७७ मिनिटं लागली. आणि मारणारा अठराचा झाल्या झाल्या दुकानातून रायफल विकत घेऊन आलेला, कायद्याने. यावर तो म्हणतो, ते पोलीस नालायक होते, बंदुकीचा काय दोष? मग मी म्हणते, नालायक कोण ते आधी कसं कळणार? मग तो इतिहासात शिरतो. इंग्रजांनी १८७८ साली हत्यारबंदी केली ती कुणावर? आपल्यावर. गोऱ्यांना सूट होती. अमेरिकेने १७९१ सालीच घटनेत हक्क लिहून ठेवला म्हणून ते मोकळे राहिले. १८७८चं त्याचं बरोबर आहे, म्हणून मला जास्त चीड येते.

मी त्याला आकडा पाठवला होता. २०२१ साली अमेरिकेत ४८,८३० माणसं बंदुकीने गेली आणि त्यांतली निम्म्याहून जास्त स्वतःच्या हाताने. तो म्हणाला, ज्याला मरायचंय तो काहीही करून मरतो. हे मी गावाकडेही ऐकलंय, फवारणीच्या औषधाबद्दल. पण श्रीलंकेत जालीम कीटकनाशकांवर एकेक करून बंदी आली तशा तिथल्या आत्महत्या खूप कमी झाल्या. म्हणजे एका रात्रीपुरतं साधन हाताशी नसलं तर माणूस सकाळ बघतो. आमच्या घरात एक काडतूस चुकीच्या नळीत होतं म्हणून सकाळ झाली.

तिकडे काही राज्यांत म्हणे असा कायदा आहे की घरच्यांनी किंवा पोलिसांनी कोर्टाला सांगितलं तर त्या माणसाची बंदूक काही काळ काढून घेतात. रेड फ्लॅग म्हणतात त्याला. टेक्सासात नाही. धाकटा म्हणतो, असला कायदा म्हणजे बायकोशी भांडण झालं की नवऱ्याचं हत्यार जप्त. मी त्या कायद्याची बाजू घेऊन तासभर भांडले आणि फोन ठेवल्यावर स्वतःला विचारलं, असा कायदा ठाण्यात असता तर तू २०१८ला कोर्टात गेली असतीस का? बापाविरुद्ध? खुर्चीवर बसून दोन वाक्यं बोलायची होती, ती बोलली नाहीस.

धाकट्याला त्या रात्रीचं मी याच वर्षी सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘आणि खरोखर चोर असता तर, ताई?’ मला राग आला, पण उत्तर नव्हतं. अजून नाही. ठाण्या-भिवंडीकडे पोलीस पकडतात त्या बातम्या वाचते, त्यांत बहुतेक गावठी कट्टे असतात. कट्टेवाल्याला नूतनीकरण नाही, डॉक्टरचा दाखला नाही, इलेक्शनला जमा करायची नोटीस नाही. मी माझी कागदोपत्री स्वच्छ बंदूक परत केल्याने त्यातला एक कट्टाही कमी झालेला नाही, हे मला कळतं. मी जगाची हिंसा थांबवायला ती दिली नव्हती. तुम्ही ज्या पक्षाचे असाल त्याने मला आपल्यात ओढू नये.

मी धाकट्याला उलट एवढंच विचारलं: पिस्तूल कुठे ठेवतोस? उशाशी, बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या पेटीत. म्हटलं, तू अठ्ठ्याहत्तरचा होशील तेव्हाही बोट तुझंच असेल. त्याने विषय बदलला. आमच्या घराण्याची ती खोडच आहे.

राहिला दादाचा पोरगा, म्हणजे तुमच्या प्रश्नातला सगळ्यात खरा भाग. तो बी.ए. आहे आणि भरतीच्या मैदानातून दोनदा परत आलाय. एजन्सीवाले त्याला म्हणाले, स्वतःचा परवाना आणि बारा बोर असेल तर गनमन म्हणून उद्या लावतो. साध्या वॉचमनपेक्षा पगार बरा. आजोबाची बंदूक असती तर त्याचं लग्नही एव्हाना ठरलं असतं, असं वहिनी माझ्या तोंडावर म्हणाल्या. मी वाद घातला नाही. त्याचं नुकसान माझ्यामुळे झालं. त्याला कुणी विचारलं नव्हतं, दादालाही नाही. मी अकरा दिवसांत एकटीने ठरवलं आणि मग ‘सांभाळायला जमेना’ म्हणून सगळ्यांना गुंडाळलं.

गेल्या रविवारी त्याचा फोन आला. नवीन परवान्यासाठी स्वतःच अर्ज करतोय. कागद बऱ्यापैकी जमलेत, फॉर्म मी बघून द्यावा म्हणाला. शेवटी म्हणाला, ‘आत्या, तेवढा तब्येतीचा दाखला राहिलाय. आजोबांना दिलेला तुझा तो ओळखीचा डॉक्टर अजून बसतो का गं?’

बसतो. मी म्हटलं, बघते.